बंगईचा दुसरा काउंटर

खुर्चीचा झोका उलटा लागतोय, हे केतकीच्या पाठीला आधी कळलं आणि डोक्याला बऱ्याच उशिरा.

चार वाजले होते. भुसावळलाही चार आणि इथेही चार, कारण अंटार्क्टिकावरच्या या स्थानकात घड्याळ भारताचंच चालायचं. तिकडे या घटकेला पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असणार. इकडे खिडकीबाहेर काळोख होता आणि त्या काळोखात पिठीसारखा बर्फ उडत होता. सूर्य मावळून चार दिवस झाले होते. आता तो जुलैच्या मध्यालाच उगवणार होता.

केतकी भारंबे डोळे मिटून खुर्चीत बसली होती. खुर्ची पुढे जात होती, मागे येत होती. रोजचा हा एक तास तिचा. भुसावळच्या घरात तिचे वडील, अप्पा, बंगईवर बसलेले आणि ती दहा हजार किलोमीटरवर त्यांच्याबरोबर हलणारी. दिवसभर ती वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या, बर्फात पुरलेले तापमापक आणि त्यांच्या तारा सांभाळायची. चार ते पाच मात्र ती कुणाचीच नोकर नसायची.

तिने डोळे उघडले. झटका चुकीच्या जागी होता.

खान्देशात घराच्या हॉलमध्ये छताला कड्यांनी टांगलेली लाकडी फळी असते, तिला बंगई म्हणतात. अप्पा तिच्यावर बसले की उजव्या टाचेने फरशी मागे रेटायचे. त्यामुळे बंगई मागे जाताना एक छोटा ठाम झटका बसायचा आणि पुढे येताना ती नुसती तरंगत यायची. झटका, तरंग. झटका, तरंग. केतकीला हा ठेका बोलायला यायच्या आधीपासून पाठ होता. आज खुर्ची मागे जाताना झटका देत होती.

तो तर पुढे जाताना बसायला हवा होता.

हे समजायला खुर्चीच्या पोटातलं यंत्र समजायला हवं. बाजारात या संचाला ‘सोबती’ म्हणत. दोन घरांत दोन हलणाऱ्या वस्तू: पाळणा, झोपाळा, आरामखुर्ची. एका घरची वस्तू हलली की दुसऱ्या घरची मोटर दुसरीला तशीच हलवते. बंगईच्या कडीपाशी बसवलेला एन्कोडर म्हणजे एक काचेची चकती, तिच्यावर बारीक दोन हजार रेघा आणि त्या रेघा बघणारे प्रकाशाचे दोन डोळे. चकती फिरली की रेघा डोळ्यांसमोरून सरकतात आणि प्रत्येक डोळा एकेक स्पंद सोडतो. एका डोळ्याने किती फिरलं एवढं कळतं. कुठल्या बाजूला फिरलं हे कळायला दुसरा डोळा लागतो, तोही पहिल्यापासून पाव रेघ सरकवून बसवलेला. ज्याने आधी बघितलं त्यावरून दिशा ठरते.

हे केतकीला कॉलेजमध्ये कुणी शिकवावं लागलं नाही. अप्पा, म्हणजे डिगंबर भारंबे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं होते. ती सहावीत असताना त्यांनी तिला बंगईवरच शेंगदाणे मांडून शिकवलं होतं.

“हे बघ माय, रुळाशेजारी असे दोन डबे असतात. या डब्याने चाक आधी बघितलं तर गाडी आत चालली, एकेक मिळवायचा. त्या डब्याने आधी बघितलं तर गाडी बाहेर चालली, एकेक वजा करायचा. आत गेली तेवढी चाकं बाहेर आली की शून्य. शून्य म्हणजे लाईन क्लिअर.”

“आणि गाडीचा एक डबा आतच राहिला तर?”

“तर शून्य येत नाही, आणि शून्य आलं नाही की सिग्नल सुटत नाही. मोजणाऱ्याला माया नसते, बेटा. म्हणून तर लोक घरी पोचतात.” मग त्यांनी चाकं झालेले शेंगदाणे खाऊन टाकले होते.

नोव्हेंबरमध्ये निघायच्या दोन दिवस आधी तिने घरी स्वतःच जोडणी केली. स्टुलावर ती, खाली टॉर्च धरून अप्पा. एन्कोडरच्या दोन तारा, एक हिरवी, एक पांढरी. टॉर्चच्या पिवळ्या उजेडात हिरवी पांढरी दिसली आणि पांढरी हिरवी. अदलाबदल झाली. पहिल्या चाचणीला अप्पा पुढे आले तर समोर ठेवलेली खुर्ची मागे गेली. ते मागे गेले तर खुर्ची पुढे.

“घ्या! इंजिनिअर झाली पोरगी,” अप्पा म्हणाले.

“थांबा, बदलते.”

“राहू दे.” ते झोका घेतच राहिले. “लहानपणी तू मांडीवर बसायचीस माझ्याकडे तोंड करून, आठवतं? मी पुढे गेलो की तू पाठीमागे. तसंच झालं हे. समोरासमोर. राहू दे असंच.”

म्हणून ती चूक तशीच राहिली.

आणखी एक गोष्ट त्यांनी करून घेतली होती. “एकावर एक तपासणारा लागतो,” हा त्यांचा खात्यातला नियम. संचाच्या कार्डावर दोन काउंटर होते आणि कंपनी एकच वापरायची. अप्पांच्या हट्टाखातर केतकीने पांढऱ्या तारेला एक फाटा काढून तो रिकाम्या, दुसऱ्या काउंटरला जोडला. त्याला दिशा कळत नव्हती. स्पंद आला की एक वाढवायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्याकडे नंतर कुणीही बघितलं नाही.

आणि आज झटका मागे जाताना बसत होता. जणू समोरचा माणूस उठून तिच्या शेजारी येऊन बसला होता.

तिने खुर्चीतल्या मागच्या नोंदी उघडल्या. आठ एप्रिलपर्यंत झटका पुढे जाताना होता. नऊ एप्रिलपासून मागे जाताना. म्हणजे कुणीतरी तारा नीट केल्या होत्या. आणि तिला हे कळायला दीड महिना लागला होता. थंडीत, कामात, चारला दमून खुर्चीत पडताना तिने फक्त खुर्ची हलतेय एवढंच बघितलं होतं. खुर्ची हलतेय म्हणजे अप्पा ठीक आहेत.

तिने उपग्रहाची वेळ मागून घेतली आणि भावाला फोन लावला.

“भाऊ, अप्पांना दे.”

“अगं, त्यांची दाढ...” तन्मयने सुरुवात केली.

“महिनाभर दाढ?”

“काढली ना ती. आता शेजारची.”

“भाऊ, हिरवी-पांढरी तार कुणी बदलली?”

“कोणती तार?”

“बंगईची. आठ तारखेपर्यंत चुकलेली होती, नऊ तारखेला बरोबर झाली. अप्पा ती कुणाला बदलू देणार नाहीत. त्यांच्या समोर कुणी स्टुलावर चढलं असतं तर त्यांनी स्टूलच ओढलं असतं.”

 उपग्रहाच्या खरखरीतून तिच्या भावाने नाक ओढल्याचा आवाज आला. तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता आणि आई गेली तेव्हासुद्धा तिने त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

तीन एप्रिलला सकाळी अंघोळीहून येताना अप्पा पडले होते. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाच दिवसांनी घरी आणलं. आता ते हॉलमध्ये खाटेवर होते, कारण कूलर हॉलमध्ये होता.

“आणि बंगई?”

“पहिले सहा दिवस संचाचं नेट काढून ठेवलं तरी तुझी खुर्ची हलत होती, मग कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यांचं ते असतं ना, सांधा.”

सांधा म्हणजे काय ते केतकीला माहीत होतं. उपग्रहाचा संपर्क अधूनमधून पाच-दहा सेकंद तुटतो. तेवढ्यात खुर्ची मध्येच थबकू नये म्हणून संच त्या माणसाची झोक्याची सवय शिकून घेतो आणि ती फट स्वतःच भरून काढतो. दहा सेकंदांसाठी केलेली ही सोय लोकांनी पुढे बंदच केली नाही. मुलगा परदेशात दुसऱ्या शिफ्टला गेला तरी आईची खुर्ची त्याच्या वेळेला हलायची. कुणी कायमचंच गेलं तरी हलायची. खरा झोका कुठला आणि सांध्याचा कुठला हे दाखवणारा एक छोटा दिवा आधी संचावर होता. तो लागला की लोकांचं मन खट्टू होतं म्हणून पुढच्या संचांतून काढून टाकला होता.

“तो माणूस फार चांगला होता,” तन्मय सांगत होता. “जुन्या सगळ्या नोंदींवरून त्याने अप्पांचा झोका बसवला. म्हणाला, तुमच्या तारा उलट्या आहेत. फुकटात सरळ करून दिल्या, जुन्या नोंदीही सरळ करून घेतल्या. मला काय माहीत त्याचं?”

“मला सांगावंसं नाही वाटलं?”

“सांगून काय झालं असतं? पोहत येणार होतीस? नोव्हेंबरपर्यंत तिकडून चिटपाखरूसुद्धा निघत नाही. आत्याही म्हणाली, पोरीला कळवू नका, तिथे अंधारात एकटी काय करेल. तुझं ऐकायला कान आसुसायचे माझे, केतू. तू म्हणायचीस, आज अप्पा जोरात आहेत, आज अप्पांचा मूड आहे. मग वाटायचं, निदान एका ठिकाणी तरी ते धड आहेत.”

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. तिच्या तोंडून निघालं, “डॉक्टर काय म्हणतात?”

“नोव्हेंबरचं कुणी काही सांगत नाही.”

स्थानकातली वीज ज्याच्या जिवावर चालायची तो नारायण तांडेल हा वेंगुर्ल्याचा मेकॅनिक त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिच्या समोर येऊन बसला. तिचं ताट तसंच होतं. तिने सगळं सांगितलं. तो बराच वेळ भाताचे ढिगारे करत राहिला.

“बंद करतलंस?” त्याने विचारलं.

“खोटा आहे तो.”

“खोटो तर खोटो. हलता ना?” मग तो ओशाळला. “माझ्या पोरीचो पाळणो जोडलाय मी. मी हयसून हँडल ओढतंय, थयसर पाळणो हलता. गेल्या म्हयन्यात दोन दिवस नेट नव्हतां. बायको म्हणाली, दोन्ही दिवस पोर पाळण्यात गपचूप झोपलां. मी काय विचारूक नाय गो. कोण हलवत होतो ता.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता केतकी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली. आता माहीत असूनही बसली. आणि खुर्चीने तिला झुलवलं. धडधाकट, ऐटीतला, बासष्ट वर्षांच्या माणसाचा झोका होता तो. मध्येच पान खाताना मंदावणारा, मग पुन्हा टाच रेटणारा. पायाखालची पट्टी दाबून तिने सवयीने एक रेटा दिला. खरं तर त्या पट्टीने भुसावळच्या कडीवरची लहान मोटर बंगईला हलकासा धक्का द्यायची आणि मग अप्पा मुद्दाम दुप्पट जोराने उत्तर द्यायचे. आजही दुप्पट जोराने उत्तर आलं. तीन एप्रिलपासून तिचे रेटे भुसावळला पोचलेच नव्हते. ते सांध्याने मधल्या मध्ये झेलले होते आणि त्यानेच उत्तरं दिली होती. इतकी हुबेहूब, की ती रडत रडत हसली.

हे बंद केलं तर हा माणूस संपला. खाटेवरचा माणूस बंगईवर कधीच बसणार नव्हता. खुर्ची नुसती खुर्ची होऊन राहणार होती, नोव्हेंबरपर्यंत, कदाचित त्यानंतरही.

पाच वाजता झोका थांबला तेव्हा तिला तो फाटा आठवला. पांढऱ्या तारेचा.

कार्डावरच्या काउंटरची एक गंमत असते. कॉम्प्युटर बंद असो, नेट तुटलेलं असो, कुणी बघो न बघो, तो आपला मोजत राहतो. कॉम्प्युटर फक्त मधूनमधून येऊन आकडा डोकावून जातो. सांध्याने नेटच्या बाजूचं दार लावून घेतलं होतं, पण एन्कोडर कडीलाच होता आणि संचाला स्वतःची बॅटरी होती. त्या माणसाने तारा बदलताना सगळं बंद करून सुरू केलं असणार, म्हणजे दोन्ही काउंटर नऊ एप्रिलला शून्यापासून निघाले असणार. तिकडे रिकाम्या बंगईने काय केलं, ते त्या पेटीत असणार.

काही असेल अशी अपेक्षा नव्हती. आपण कशाला विचारतोय, हेही तिला सांगता आलं नसतं.

“भाऊ, भिंतीवरच्या पेटीचं निळं बटण दाब. दोन आकडे येतील. वाच.”

“काउंटर शून्य: उणे तीन.”

शून्य क्रमांकाचा म्हणजे कंपनीचा, दिशा ओळखणारा काउंटर; बंगई जिथे होती तिथेच होती. तीन म्हणजे फळी जागेवरून जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकलेली. अप्पांच्या भाषेत लाईन क्लिअर. आत कुणी नाही.

“खालचा?”

“काउंटर एक: तीन लाख... थांब. तीन लाख एकोणऐंशी हजार चारशे बारा.”

केतकीने त्याला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच.

झोक्याचं असंच असतं. जितकं पुढे तितकंच मागे, मिळवलेलं सगळं वजा होऊन जातं. दिशा ओळखणाऱ्या हुशार काउंटरपाशी तासभराच्या झोक्यानंतरही शून्यच उरतं. दुसऱ्याला वजाबाकी येत नव्हती, म्हणून त्याच्याकडे सगळं शिल्लक होतं.

“बंगईवर कोण बसतं, भाऊ?”

“कुणी नाही. खाट अगदी समोर आहे, बसायला जागाच नाही. कूलरचा झोत आहे ना, त्याने हलत असेल.”

असेलही. मनाला ओढ लागली की हिशोब चुकतो, हे तिला ठाऊक होतं. शिवाय दुसराही एक धोका होता. चकतीची रेघ नेमकी डोळ्याच्या काठावर येऊन थांबली असेल, तर घर थरथरलं तरी स्पंद पडतात. पहिला काउंटर अशी थरथर ओळखून वजा करतो, दुसरा प्रत्येक वेळी एक वाढवत जातो. आणि त्यांच्या घरामागून दिवसाला शंभरावर गाड्या जात होत्या. तीन लाख एकोणऐंशी हजार ही नुसत्या मालगाड्यांची थरथरही असू शकत होती.

“उद्या तुझी सुट्टी टाक,” ती म्हणाली. “आणि कूलर बंद करायचा, दुपारी एक ते पाच.”

“वेडी झालीस? सेहेचाळीस आहे इथे!”

“अप्पांना ओला पंचा घाल. दर अर्ध्या तासाने खालचा आकडा लिही. गाडी गेली की गाडी गेली असंही लिही. आणि बंगईला हात लावायचा नाही, कुणी म्हणजे कुणीच.”

“तू त्यांचीच मुलगी आहेस,” तन्मय वैतागून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला त्याचा फोन आला. तो सरळ कागदच वाचायला लागला. एक ते दीड: दोन वाढले, मालगाडी एक. दीड ते दोन: शून्य. दोन ते अडीच: पाच, मालगाडी दोन. अडीच ते साडेतीन: एक. साडेतीन ते चार: शून्य.

“मग?”

“मी चार वाजता स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो. आलो तर...” तो थांबला. “चार ते साडेचार, तीन हजार आठशे. साडेचार ते पाच, चार हजारांच्या वर.”

केतकीने दोन्ही आकडे लिहून घेतले.

“डावा हात, केतू. खाटेवरून डावा हात फळीपर्यंत पोचतो त्यांचा. बोटांनी लोटतात, ती थोडी जाते, परत येते, परत लोटतात. घामाने चिंब झाले होते, तरी थांबेनात. पाच वाजले आणि हात खाली ठेवला. मी शेवंताबाईंना विचारलं...” शेवंताबाई दिवसभर अप्पांचं करायला येत.

मागून त्यांचा आवाज आला, “रोजचंच आहे ते, ताई. चारचे टोले पडले की बंगई हालवत बसता. मी म्हटलं, आजाऱ्याला चाळा लागतो एखादा. हात चालतोय, बरंच आहे, म्हटलं.”

रोज सुमारे आठ हजार. नऊ एप्रिलपासूनच्या बावन्न दिवसांत चार लाखांच्या आसपास. तीन-चार दिवस कमी भरत होते. तेवढे दिवस ताप होता, तन्मयने नंतर सांगितलं. हिशोब जुळत होता.

हिशोब जुळला आणि मग तिला ते दिसलं. बोलता न येणारा माणूस रोज चारला फळी लोटतो आहे. पलीकडून मुलीचा रेटा येईल म्हणून तासभर लोटतो आहे. येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोटतो आहे. आणि त्याच तासाला मुलगी त्याच्याच नकलेबरोबर झुलत, डोळे मिटून म्हणते आहे, आज अप्पांचा मूड आहे.

“भाऊ, स्क्रूड्रायव्हर आहे?”

“सांधा बंद करायचा, एवढंच ना? ते बटण दाखवलंय मला त्याने. पण विचार कर. ते किती हलवतात माहीतेय? चार बोटं. तुझी खुर्ची धड हलणारसुद्धा नाही. त्यापेक्षा तो झोका...” त्याने शब्द शोधला. “तो बरा आहे गं. मला सुद्धा तो बरा वाटतो.”

“मलाही,” केतकी म्हणाली. “सांधा बंद कर आणि स्क्रूड्रायव्हर घे. हिरवी आणि पांढरी, दोन्ही सोड. पांढरीच्या जागी हिरवी लाव, हिरवीच्या जागी पांढरी. फाटा पांढरीबरोबरच राहू दे.”

“म्हणजे पुन्हा चूक करू?”

“हो. आणि स्टूल अप्पांना दिसेल असं ठेव.”

चढताना त्याने फोन खिशात ठेवला असावा. कापडाची खसखस, लाकडाची करकर, मग कुणाच्या तरी घशातून आलेला एक जाड, अर्धा आवाज, आणि तन्मयचं “हो अप्पा, हो, तिनेच सांगितलंय.” हसणं होतं की कसं, तिला ओळखता आलं नाही. तिने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना ती खुर्चीत बसली. पडद्यावर दोन आकडे, एकाखाली एक, दोन्ही शून्य. तन्मयने फोन अप्पांच्या उशीशी ठेवला होता. कूलर बंद होता, म्हणून भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. त्याने चार टोले दिले.

काही झालं नाही.

एक मिनिट. दोन. तांडेल दारात येऊन उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे बघून परत गेला.

वरचं शून्य उणे चार झालं. मग उणे अकरा. उणे एकोणीस. खुर्ची हलली, कुणी पाठीवर नुसता तळवा ठेवावा, एवढी. पण पुढे. अप्पांनी फळी आपल्यापासून दूर लोटली होती, आणि उलट्या तारांमुळे खुर्ची पुढे आली होती, त्यांच्या दिशेने. मग ती तितकीच मागे गेली. आकडा शून्यावरून पलीकडे गेला, परत आला.

केतकीने पायाखालची पट्टी दाबली.

“अगं बाई, आपोआप!” शेवंताबाईंचा आवाज आला. “भाऊ, हातावर आली ती त्यांच्या!”

“केतू,” तन्मय कुजबुजला. “थांबलेत. हात तसाच धरलाय हवेत. फळीकडे बघतायत.”

“बोलू नको, भाऊ.”

वरचा आकडा लहान लहान होत शून्यावर आला आणि तिथेच राहिला. शून्य. शून्य. शून्य. तिला शेंगदाणे आठवले. शून्य म्हणजे आत कुणी नाही. ती पडद्याकडे न बघता खुर्चीच्या पाठीला टेकून बसली, लहानपणी बसायची तशी, समोर तोंड करून, आणि वाट बघू लागली.

खुर्ची पुढे आली. या वेळी जोरात. चार बोटांचा नाही, अख्ख्या तळव्याचा रेटा होता तो, मध्ये एकदा थरथरलेला, पण ठाम. झटका. आणि मग तरंग.

तिने पट्टी दाबली. उत्तर आलं. तिने पुन्हा दाबली. पडद्यावर वरचा आकडा शून्यावरून इकडे तिकडे जात राहिला आणि खालचा चढत राहिला.

पाच वाजले. तन्मयने फोनवर सांगितलं, पाच वाजलेत. दोघांपैकी कुणीही ऐकलं नाही.